मोटारसायकलचे मागील शॉक ॲब्सॉर्बर : दुरुस्ती की बदल?



मोटारसायकल बिघडली म्हणजे ती बहुधा स्वतःच तसे सांगते. क्लच घसरू लागला की गाडी चढावावर कुंथते, साखळी सैल झाली की खडखडते, ब्रेकचे लायनर झिजले की घासल्याचा आवाज कानी येतो. मागील चाकावरचे शॉक ॲब्सॉर्बर मात्र असे काही सांगत नाहीत. गॅरेजमध्ये व गावात सर्वजण ज्यांना 'शॉकअप' म्हणतात ते हे भाग इतक्या सावकाशीने निकामी होतात की मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आज थोडा, उद्या थोडा असा वाढत गेलेला हेलकावा अंगवळणी पडतो, आणि काही महिन्यांनी तीच त्या गाडीची चाल असे तो मानू लागतो. ज्याला हा दोष खरोखर भोवतो तो मागे बसलेला असतो. आणि मागे बसलेला मनुष्य सहसा तक्रार करीत नाही.

गोव्यासारख्या प्रदेशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून भाडे घेऊन उतारू नेणारे पायलट हे येथील रहदारीचे एक जुने अंग आहे. बस जेथे थांबते तेथून पुढे वाड्यापर्यंतची वाट पुष्कळदा त्यांच्याच मागे बसून उरकावी लागते. दवाखान्यात निघालेली वृद्धा, शाळेत पोहोचण्याची घाई असलेली शिक्षिका, कचेरीच्या कामाला आलेला शेतकरी हे सर्व त्या मागच्या आसनावर बसतात. त्यांपैकी कोणी गाडीखाली वाकून शॉकअप पाहत नाही, आणि त्यांनी ते पाहावे अशी अपेक्षाही नाही. ती जबाबदारी गाडीवाल्याची आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनास मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते हे खरे. परंतु प्रमाणपत्राच्या दिवशी ठीक असलेला शॉकअप एका पावसाळ्यानंतरही ठीकच असेल, असे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

मागे बसणाऱ्यालाच अधिक त्रास का, याचे कारण साधे आहे. गाडी चालविणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो. मागे बसणारा जवळजवळ मागील चाकाच्या आसावरच बसलेला असतो. मुलांच्या खेळातील आडव्या फळीप्रमाणे टोकाचे जितके उसळते तितके मधले उसळत नाही. म्हणून एकाच खड्ड्यात चालविणाऱ्यास लहानसा धक्का बसतो, तर मागच्यास आसनावरून उचलून पुन्हा आपटल्यासारखे होते. बसलेल्या मानवी धडाला सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा होणारी उभी कंपने विशेष बाधतात, कारण त्या गतीला शरीर स्वतःच साथ देऊन हलू लागते. गतिरोधकावर जोराने आदळल्यामुळे छाती व कंबर यांच्या सांध्यावरील मणका दबून त्यास भंग होणे, हा प्रकार वैद्यकास परिचित आहे. उतारवयात ज्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात त्यांना हा धोका सर्वांत अधिक.

शॉकअप हा भाग नेमके काय करतो, याविषयी फार मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना बाहेरून दिसणारी स्प्रिंग म्हणजेच शॉकअप असे वाटते. वास्तविक स्प्रिंग धक्का गिळत नाही, ती तो साठवून ठेवते. दबली की तेवढ्याच जोमाने उलटते. केवळ स्प्रिंगवर चाललेली गाडी एका खड्ड्यानंतर चेंडूसारखी उसळतच राहील. हे उसळणे थांबविण्याचे काम स्प्रिंगच्या आत दडलेल्या नळकांड्याचे आहे. त्यात तेल असते, आणि एका चकचकीत रॉडच्या टोकाला बसवलेला दट्ट्या त्या तेलातून खालीवर होतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व पातळ पडद्या असतात. तेलाला त्या छिद्रांतून वाट काढताना जो अडथळा होतो, त्याने धक्क्यातील शक्तीची उष्णता होते व ती नळकांड्यावाटे हवेत निघून जाते. दबताना अडथळा कमी आणि उलटताना अधिक, अशी ही योजना असते. चाकाला वर येऊ द्यावे, पण स्प्रिंगला मोकाट सुटू देऊ नये, असा तिचा हेतू.

ही उष्णता शोधून काढणे कोणालाही शक्य आहे. पाच-दहा किलोमीटर खराब रस्त्यावरून गाडी आणल्यावर दोन्ही नळकांड्यांना सावधपणे बोट लावून पाहावे. दोन्ही सारखेच कोमट असतील तर दोन्ही काम करीत आहेत. एक कोमट व दुसरे थंडगार असेल, तर थंड असलेले काही करीतच नाही, नुसते लोंबकळत आहे. हात लावताना सायलेन्सरपासून दूर राहावे आणि त्याच्या बाजूचे नळकांडे त्याच्या धगीने तर तापले नाही ना, हे ध्यानात घ्यावे.

बसण्याचे सुख हे शॉकअपचे दुय्यम काम होय. त्याचे पहिले काम चाक जमिनीला चिकटवून ठेवण्याचे आहे. उसळत्या चाकाचा टायर क्षणोक्षणी रस्ता सोडतो, आणि ज्या क्षणी तो अधांतरी असतो त्या क्षणी ब्रेक दाबून उपयोग नसतो. चाक नुसते अडते आणि खाली टेकताच घसरते. वळणावर खडी असेल किंवा पहिल्या पावसाने तांबडी माती रस्त्यावर आली असेल, तर हे घसरणे जिवावर बेतू शकते. चोर्ला घाटासारख्या रस्त्यावर मागे माणूस व मांडीवर गाठोडे घेऊन उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक चांगला असून भागत नाही, शॉकअपही चांगले असावे लागतात.

मागील चाकाला अशी सोय असावी, हा विचार मोटारसायकलच्या इतिहासात तसा उशिरा रुजला. प्रारंभीच्या गाड्यांत मागील चाक सांगाड्याला घट्ट बसवलेले असे आणि जी काही मऊ बैठक मिळे ती आसनाखालच्या स्प्रिंगांची. इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने १९४८-४९ च्या सुमारास आपल्या बुलेट गाडीला हलता चिमटा व तेलाचे दोन शॉकअप दिले. पुढे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि ही रचना भारतीय रस्त्यांवर परिचयाची झाली. शॉक ॲब्सॉर्बर बनविणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ ची. आज महाराष्ट्रात चाकण व वाळूज परिसरांत हे भाग मोठ्या प्रमाणावर तयार होतात. म्हणजे अस्सल भाग मिळत नाही ही सबब आता चालण्यासारखी नाही.

झीज ओळखण्याची रीत कठीण नाही. गाडी सपाट जागी सरळ उभी धरून मागील आसनावर दोन्ही हातांनी जोराने दाबावे व एकदम सोडावे. आसन एकदा वर येऊन स्थिर झाले पाहिजे. दोन-तीन वेळा डुलत राहिले तर आतील तेलाचे काम संपत आले असे समजावे. त्यानंतर रॉड पाहावा. त्यावर तेलाचा अगदी पातळ ओलसरपणा असणे स्वाभाविक आहे. परंतु नळकांड्यावरून ओघळ आला असेल व त्याला धुळीचा चिकट थर बसला असेल, तर ऑइल सील गेले. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडून असमान झीज झाली असेल, तीही उसळत्या चाकाची खूण आहे. दोन माणसे बसल्यावर गतिरोधकावर लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज येत असेल, तर रॉडवरील रबरी ठोकळा भुगा होऊन गेलेला असण्याचा संभव आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मागून येणारा प्रत्येक दोष शॉकअपचा नसतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागील चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. ते बाजूला हलत असेल तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजलेले असते, आणि नवे शॉकअप घालून तो दोष जाणार नाही. टायरमध्ये प्रमाणाबाहेर हवा भरलेली असली तरीही गाडी कडक आदळते. हवा मोजण्यास दोन मिनिटे लागतात, पैसे बहुधा लागत नाहीत. तरीही कित्येक जण ती न मोजताच शॉकअपच्या खर्चास प्रवृत्त होतात.

याहून मोठा घोटाळा होतो तो शॉकअपच्या तळाशी असलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्याविषयी. हे कडे आकडीच्या पान्याने फिरविले की गाडीचा मागील भाग किंचित उचलला जातो. त्यामुळे स्प्रिंग कडक होते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या व्यासावर व संख्येवर ठरतो. कडे फिरवून त्यातले काहीच बदलत नाही. कडे फक्त स्प्रिंगला आरंभीच थोडी दाबून ठेवते, म्हणजे मागे माणूस बसल्यावर गाडी फार खाली बसू नये. ही सोय भारासाठी आहे, झिजेसाठी नव्हे. शॉकअप मऊ पडला म्हणून कडे शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवणे म्हणजे तेलाविना उसळणाऱ्या स्प्रिंगला आणखी उसळी देणे होय. कित्येक गाड्या वर्षानुवर्षे अशाच चालत असतात आणि मालक समाधानी असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे, तो दुरुस्तीचा की बदलाचा. याचे उत्तर शॉकअपच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या घडणीच्या बऱ्याच शॉकअपांचे तोंड आट्याच्या टोपणाने बंद केलेले असते. ते उघडते, ऑइल सील बदलता येते, तेल नवे घालता येते. अशा शॉकअपची दुरुस्ती ही खरी दुरुस्ती होय. मात्र ती करण्यापूर्वी रॉडवरून वरपासून खालपर्यंत बोटाचे नख फिरवून पाहावे. नख कोठेही अडले तर तेथे गंजाचा खळगा आहे, आणि तो खळगा नव्या सीलला थोड्याच दिवसांत फाडून टाकील. गोव्याच्या किनारपट्टीत असा गंज लवकर धरतो. सालाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खारी हवा आणि चिखल यांना कोणताही मुलामा फार काळ दाद देत नाही. मागील आसनावर मासळीची पेटी बांधून गावोगाव फिरणाऱ्यांच्या गाड्यांची अवस्था तर पाहण्यासारखी असते. बर्फाचे खारे पाणी दिवसभर थेंबथेंब नेमके रॉडवर ठिबकत असते. पेटीखाली एक पत्रा वाकवून बसविला आणि संध्याकाळी गोड्या पाण्याची बादली ओतली, तर शॉकअपचे आयुष्य निश्चित वाढेल.

रॉड गुळगुळीत व सरळ असेल, तर दुरुस्तीचा पुढचा कस तेलावर लागतो. गॅरेजमध्ये हाताशी असलेले इंजिनचे तेल ओतून मोकळे होण्याची सवय सोडली पाहिजे. शॉकअपच्या तेलाचा दाटपणा त्या छिद्रांच्या हिशेबाने ठरविलेला असतो, आणि घुसळणीने त्यास फेस येऊ नये अशी त्याची घडण असते. प्रमाणही तितकेच महत्त्वाचे. 'थोडे जास्तच असू द्या' हा उदार स्वभाव येथे घातक ठरतो. रॉड आत शिरतो तेव्हा त्याला जागा लागते, आणि तेल दबत नाही. म्हणून नळकांड्यात काही जागा हवेसाठी सोडलेली असते. ती तेलाने भरून टाकली तर शॉकअप मध्येच अडतो, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सील फुटून सगळे तेल बाहेर येते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले माप मोजपात्राने मोजूनच घालावे. काम पुरे झाल्यावर स्प्रिंग न चढविता रॉड हाताने ओढून-दाबून पाहावा. अडथळा आरंभापासून शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे. दिशा बदलताना क्षणभर पोकळ वाटले, तर आत हवा राहिली आहे किंवा तेल कमी आहे.

स्प्रिंग काढण्याच्या कामाविषयी थोडे कठोरपणे बोलावे लागते. बसविलेली स्प्रिंग आधीच दाबलेली असते. ती अडकवून ठेवणाऱ्या वरच्या दोन अर्धगोल तुकड्यांवर हातोडा मारून ती सोडविण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. त्या क्षणी ती स्प्रिंग कोणाच्या तोंडावर उडेल, हे सांगता येत नाही. स्प्रिंग दाबून धरण्याचे स्वतंत्र अवजार असते. ते नसेल तर हे काम हाती घेऊ नये. शाळेच्या कार्यशाळेत मुलांना शॉकअप उघडून दाखविण्याची इच्छा असलेल्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरी जात मोहोरबंद शॉकअपांची. आजच्या बहुसंख्य गाड्यांना हीच असते. तिचे तोंड कारखान्यातच दाबून किंवा जोडून कायमचे बंद केलेले असते. बाजूला लहान डबी असलेले, अथवा एकच मोठा शॉकअप आसनाखाली असलेले जे प्रकार आहेत, त्यांपैकी पुष्कळांत तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. अशा नळकांड्याला भोक पाडून, सुईने तेल भरून, वरून वेल्डिंगचा टाका देण्याची 'दुरुस्ती' स्वस्तात करून मिळते. ती दुरुस्ती नव्हे. आतला दट्ट्या, त्याच्या पडद्या व सील झिजलेलेच राहतात. गेलेला वायू परत येत नाही. आणि दाबाखालील वायू व तेल असलेल्या बंद नळकांड्याला ज्योत लावणे हे कारागिराच्या जिवाशी खेळणे आहे. मोहोरबंद शॉकअप गेला म्हणजे बदलावयाचा. वायू भरण्याची योग्य यंत्रसामग्री असलेल्या मोजक्या ठिकाणी महागड्या शॉकअपांची पुनर्बांधणी होते, पण रोजच्या वापराच्या गाडीला तो मार्ग सहसा परवडत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक अल्प खर्चाचा दोष असतो, तो कान्यातील रबरी बुशांचा. गाडी मागून 'खट् खट्' वाजते, पण दाबून सोडल्यास एकदाच वर येऊन थांबते, तेव्हा शॉकअप चांगला असून बुश गेलेले असतात. ते बदलले की काम भागते. ते सुलभ सरकावेत म्हणून ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते.

दोन शॉकअपांच्या गाडीला बदल करावयाचा तो जोडीनेच. एक नवा व एक जुना असे ठेवले तर चिमट्याची एक बाजू अडते, दुसरी सुटते, व चाक वळणावर आडवे ओढले जाते. खर्च निम्मा वाचतो हे खरे, पण नवाही लवकर जातो. खरेदी करताना दोन कान्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी जुन्या मूळ शॉकअपएवढीच आहे ना, हे पट्टीने मोजावे. हल्ली गाडी उंच व रुबाबदार दिसावी म्हणून तरुण मुले लांब शॉकअप घालतात. त्याने पुढच्या फोर्कचा कल बदलतो, साखळीचा ताण बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही चंचल होते. आखूड घातले तर भारी उतारू बसताच टायर मडगार्डला घासतो.

बसविण्याचे काम एका कुशल कारागिराला फारसे अवघड नाही. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, आणि एका वेळी एकच बाजू सोडावी, म्हणजे दुसरी बाजू चिमट्यास धरून राहते. नवे शॉकअप दुकानात बहुधा आडवे पडलेले असतात, व त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. म्हणून साध्या तेलाचे शॉकअप बसविण्यापूर्वी थोडा वेळ उभे ठेवून शक्य तितके पाच-सहा वेळा दाबून सोडावेत. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घालावेत. नट प्रथम हलकेच लावून गाडी चाकांवर आणावी, एका माणसाने आसनावर बसावे, आणि मग ते पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळावेत. असे केले नाही तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात व लवकर फाटतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर तेच नट पुन्हा एकदा तपासावेत.

भाड्याचा धंदा करणाऱ्यांनी मागील कड्याची पायरी उतारूप्रमाणे बदलीत बसणे व्यवहार्य नाही, हे उघड आहे. त्यांनी ते एका उतारूच्या भाराला ठेवावे. एकाहून अधिक माणसे मागे बसविण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ ने मनाईच आहे, आणि शॉकअपची स्प्रिंगही तो हिशेब गृहीत धरूनच बनविलेली असते. घरची गाडी एकट्याने वापरणाऱ्याने मात्र सणावारी कुटुंबाला घेऊन जाताना चढविलेले कडे दुसऱ्या दिवशी परत उतरवावे.

जुन्या शॉकअपचे काळे तेल विहिरीजवळ, नारळीच्या आळ्यात किंवा ओहोळात ओतू नये. ते डब्यात भरून इंजिनच्या टाकाऊ तेलाबरोबर गॅरेजमध्ये द्यावे.

नवे शॉकअप बसल्यावर एक लहान काम राहून जाते. झिजलेल्या शॉकअपमुळे गाडीचा मागील भाग खाली बसलेला असतो व पुढचा दिवा वर पाहत असतो. समोरून येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात. अशा वेळी पुष्कळांनी दिव्याचा रोख खाली वळवून ठेवलेला असतो. मागील भाग पुन्हा आपल्या उंचीवर आला की तोच दिवा पुढच्या चाकापाशीच उजेड पाडतो, आणि रात्री वळणापलीकडचा खड्डा दिसत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी गाडी एका भिंतीपासून सुमारे आठ-दहा मीटरवर उभी करावी, एका माणसाला आसनावर बसवावे, आणि भिंतीवरील उजेडाचा वरचा काठ दिव्याच्या उंचीहून किंचित खाली येईल असा दिव्याचा स्क्रू फिरवून घ्यावा.